माय ऐकायला शिकली

माझ्या मायला गाणं समजत होतं. रोवण्याचं नाही, ते तर तिच्या हाडातच होतं. मी म्हणते ते नागपूरकडचं, तंबोऱ्यावरचं मोठं गाणं, जे सुरू झालं की आमच्या फुलचूरच्या माणसांना एकदम गोठ्यातलं काम आठवतं. हे मी आज सांगते आहे, ती जाऊन वर्ष होत आलं तेव्हा. ती होती तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, एकदाच, दोन शब्दांत. मी तोंडाची फटकळ म्हणून गावभर नाव आहे. फटकळ बाईच्या पोटात काही राहत नाही असं लोक धरून चालतात, त्यामुळं माझ्यावर कोणाला संशय आला नाही.

मायचं नाव देवकाबाई. गोंदियाला लागूनच आमचं गाव आणि तिथं बाबांची, चैतराम बहेकारांची, धानाची शेती. मायनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण आषाढात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला की तिच्यासारखी मानाची बाई आसपास नव्हती. गुडघाभर चिखलात चाळीस बाया एका ओळीत वाकलेल्या, हातात रोपांची पेंडी, आणि गाण्याची पहिली ओळ टाकणार ती माय. बाकीच्यांनी ती उचलायची. सकाळी पहिल्या झटक्याला तिचा सूर जिथं बसला, तिथंच तो दिवस बुडेपर्यंत राहायचा. वरून पाऊस झोडपो नाहीतर कंबर मोडो. लोक बोलवायला यायचे, "देवकाबाई, उद्या आमच्या बांधीत या, तुमी गायल्या का बायांचे हात पटापट चालते." तिच्या लेखी गाणं म्हणजे हेच. बोल पाहिजेत, ठेका पाहिजे आणि काम सरकलं पाहिजे.

माझा भाऊ उदाराम तिचाच गळा घेऊन जन्मला. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि भरदुपारी चौकात गाणी-सोंगांची दंडार नाचते, त्या दंडारीत दादा गायचा. सेहेचाळीस सालच्या मंडईत नागपूरचे एक गाणं शिकवणारे मास्तर पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी दादाला ऐकलं आणि सरळ बाबांना म्हणाले, हा मुलगा मला द्या. बाबांना वाटलं गंमत करून राहिले. महिन्याभरात दादा ट्रंक घेऊन नागपूरला गेला, एकोणीस वर्षांचा होता. मी तेरा वर्षांची. पोरीला पण गळा आहे का, हे मास्तरांनीही विचारलं नाही आणि घरच्यांनीही नाही. होता, म्हणून सांगते. पण ते राहू द्या.

दोन वर्षांनी तो दिवाळीला घरी आला, तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबांना तीन दिवसांचा ताप होता, साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. दादा पहाटे उठला, ओसरीत तंबोरा घेऊन बसला आणि त्यानं खालचा सूर धरला. नुसता आ. बोल नाही, काही नाही, एकच आ, श्वास संपेपर्यंत. आता आमच्याकडे घरात माणूस गेलं की घरची बाई आधी अशीच बिनशब्दांची लांब हाक मारते. कोण गेलं, कसं गेलं, ते बोल मागून येतात. ती हाक कानावर पडली की शेजारणी हातातलं टाकून, डोक्यावर पदर ओढून धावतात. तशा त्या धावल्या. सगळ्यात पुढं अनुसयाबाई. ती आली ती मायच्या गळ्यात पडली आणि तिनं मोठ्यानं सुरुवात केली, "अवं देवका, गेला वं तुझा सोन्यासारखा धनी!" तेवढ्यात सोन्यासारखा धनी कडुलिंबाची काडी चावत गोठ्यातून आला आणि म्हणाला, "कोन गेला?"

गावानं ती गोष्ट पुढं वर्षभर हसून हसून सांगितली. पण त्या सकाळी माय हसली नाही. जिता नवरा समोर असताना दारात त्याच्यासाठी रडणं झालं, याहून मोठा अपशकुन कोणता? ती दादावर अशी कडाडली की तसं तिला कधी पाहिलं नव्हतं. "हे रडनं माझ्या घरात नोको! सात वर्षांचा होता तं चांगला गात होता. कायले शिकला हे? बोडीवर जा आन् तिथं रड!" दादानं तंबोरा उचलला आणि तो गावाबाहेरच्या तळ्यावर जाऊन बसला. दोनच दिवसांनी नागपूरला परत गेला. नंतर सणासुदीलाही यायचा तो उभ्या उभ्या, आणि घरात गुणगुणतसुद्धा नसे.

तो खराखुरा परत आला त्रेपन्न सालच्या माघात, रिक्षातून, दोन माणसांनी धरून उतरवलेला. मी त्याला ओळखलंच नाही. क्षय. मास्तरांनी चिठ्ठी दिली होती, मुलगा गुणी आहे, घरचं खाऊ द्या, बरा झाला की परत पाठवा. त्याचं ताट वेगळं, लोटा वेगळा, अंथरूण ओसरीच्या कोपऱ्यात. अनुसयाबाईसुद्धा दारातूनच बोलायची. माझ्या लग्नाच्या दोन गोष्टी चालल्या होत्या, दोन्ही घरचे लोक असे गप्प झाले की विचारू नका. मी दादाच्या उशाशी बसून त्याला पेज भरवायचे आणि मनात त्याच्यावरच चरफडायचे. खोटं कशाला बोलू.

गोंदियाच्या डॉक्टरांनी रोज सुया चालू केल्या आणि मोठ्यानं गाणं बंद सांगितलं. सुयांनी गुण आला, हे कबूल केलं पाहिजे. ताप उतरला, गालावर मांस आलं. पण ज्येष्ठात एक दिवस दादा म्हणाला, "माय, माझ्या कानात रातकिडा बसला वं." आम्हाला वाटलं खरंच किडा गेला, मायनं कोमट तेल घातलं. किडा नव्हता. डॉक्टर म्हणाले, या औषधानं काही जणांना असं होतं, जाईल किंवा राहील, आधी जीव तर वाचू द्या. खालचे सूर दादाला नीट ऐकू यायचे. वर चढलं की मात्र तो किडा किंचाळायचा आणि त्या किंचाळण्यात त्याचा स्वतःचा सूर कुठं आहे हे त्याला उमगत नसे. त्याच महिन्यात कार्ड आलं की मास्तर वारले.

दादा रडला नाही. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. संध्याकाळी माय तांदूळ पाखडत होती, तिला म्हणाला, "माय, माझं ऐकनारा कोनी राहिला नाही. मले माझंच वरचं ऐकू येत नाही. तू ऐकशील का?"

"मी ऐकून काय करू बापा? मले त्यातलं काय समजते?"

"तुझा सूर पक्का आहे, माय. मास्तर म्हनायचे, हा पोरगा कोन्या तरी पक्क्या सुराच्या माउलीच्या पोटचा आहे. तुले फक्त थांबता येत नाही. तेवढं शिक."

मायनं सूप खाली ठेवलं. बोडीवर जाऊन रड, हे पाच वर्षांपूर्वीचे शब्द तिला नक्कीच आठवले असणार, कारण ती पदरानं तोंड पुसत आत आली. दुसऱ्या दिवसापासून घरातला आणि शेतातला धंदा आटोपून ती त्याच्यासमोर बसू लागली.

अरे बापा, काय हाल झाले तिचे! दादा अगदी हळू आवाजात, जवळजवळ पुटपुटत गायचा. पाव घंटा होऊन जायचा आणि माय विचारायची, "मंग, गानं सुरू कवा होते?" दादा म्हणायचा, "सुरू झालं, माय." कधी ती बसल्या बसल्या पेंगायची. कधी सांगायची, माझं डोकं ठणकते. एकदा तर ओरडली, "अरे, चार शब्दांसाठी किती फिरशील? दारात येते आन् परत जाते, दारात येते आन् परत जाते. ये ना एकदाचा घरात!" मी चुलीपुढं बसून हसत होते. आणि दादा? त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, "तेच तं आहे माय! दारात येते आन् परत जाते, हे तुले समजलं ना?"

पण खरी अडचण वेगळीच होती आणि ती तिनं मला एकटीला सांगितली. तो लांब आ ऐकला की तिचे हात आपोआप जोडले जायचे. तिला त्यात मरणच ऐकू यायचं. त्याची छाती अशी झालेली, त्यात तो असा सूर धरायचा, आणि हिनं म्हणे त्यात गोडी शोधायची. "प्रेमिला, मी तं तेवढा टाइम महादेवाचं नाव घेत बसतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच 'बसतो', 'करतो' म्हणतात. मी म्हटलं, मग नको बसू. म्हणाली, "मंग तो कोनापाशी बसन?"

श्रावणात रोवणा ऐन भरात होता. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचा एक तुकडा, चारी बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध. दादा कांबळं पांघरून धुऱ्यावर येऊन बसला होता. त्या दिवशी बाया कमी होत्या, गाणं मध्येच थांबलं, आणि दादा मायला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात गुणगुणायला लागला. माय वाकून रोवत होती. रोवताना बाई मागं मागं सरकते. पुढं रोवलेलं दिसतं, कुठं जायचं ते पाठीमागं असतं, ते फक्त पायाला कळतं. माय रोवत रोवत सरकली आणि तिची टाच पलीकडच्या धुऱ्याला लागली. नेमका त्याच क्षणी दादा समेवर आला. योगायोग म्हणा. माय तशीच वाकलेली थांबली. मग दुसरी ओळ धरली तेव्हा मुद्दाम हात धीमा केला. दादा गातो आहे, ती सरकते आहे, आणि मला दिसत होतं की तिचं सारं लक्ष टाचेत आहे. पुन्हा धुरा लागायच्या वेळेला दादा समेवर आला आणि मायच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "हा! लागला!" बाकीच्या बाया तिच्याकडं बघायला लागल्या.

घरी आल्यावर ती दादाला म्हणाली, "या धुऱ्यापासून त्या धुऱ्यालोक, एवढंच ना? मंग मधात कितीक वेळ लागते ते लागू दे. आपल्याले माहीत आहे ना धुरा कुठी आहे ते." दादानं तिचे चिखलाचे पाय धरले. ती मागं सरली, "अरे, धुवू तं दे!"

त्यानंतर तिला घाई राहिली नाही. तोडी कोणता, भैरव कोणता, हे ती नावानं शेवटपर्यंत विसरायची. म्हणायची, "तो सकाळचा दुखरा गा," नाहीतर "तो उभा गा, नागऱ्याच्या महादेवाच्या देवळासारखा." कोजागिरीच्या सुमाराला एक सकाळ अशी आली की दादा गात होता, माय भाजी निवडत होती, आणि तो एका सुरावर इतका वेळ थांबला की तिचा हातच थांबला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती. मी विचारलं, "काऊन वं, काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही झालं. कितीक बरं वाटून राहिलं मले!" एवढ्या वर्षांत असं बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं. मरण ऐकू यायचं त्याच जागी तिला आता हे ऐकू येत होतं. मग मात्र तिला व्यसनच लागलं. दूध काढायला उशीर, भात करपलेला, आणि बाबा बोंबलताहेत की या घरात कामधंदा करतं कोण.

करत होते मी. चुलीपाशी, भिंतीच्या आड. आणि कानाला झाकण नसतं ना. मलाही आधी ते सगळं रटाळ वाटायचं, मग सवय झाली, मग कधी ते कळायला लागलं हे मला सांगता येणार नाही. भाकर थापताना समेच्या आधी माझा हात आपोआप थांबायचा. दादा चुकला की मायच्या आधी मला कळायचं. मी बोलले नाही. मला कोणी विचारत नव्हतं आणि मी कोणाला सांगत नव्हते, असा तो रुसवा होता माझा. वर्षभर तो मी जपला.

चौपन्नच्या भाद्रपदात नागपूरच्या रेडिओचं पत्र आलं. आवाजाच्या चाचणीला दिवाळीनंतर अमुक दिवशी या. मास्तर जिवंत असताना दादानं अर्ज केला होता, तो आता उजाडला. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, हळू गातोस ते ठीक आहे, पूर्ण आवाज लावलास तर छाती पुन्हा फाटेल, आणि मग माझ्याकडं इलाज नाही. बाबा म्हणाले, "मरायले जातेस का नागपूरले?" दादा म्हणाला, "इथं काय करून राहिलो, बाबा?"

शेवटी त्यानंच ठरवलं. जायच्या दोन दिवस आधी सकाळी तो एकदा, एकदाच, पूर्ण आवाजात गाणार. वरचा सा, तो सगळ्यात उंच सूर ज्यावर त्याला स्वतःला नुसता रातकिडाच ऐकू यायचा, तो लागला तर जायचं. नाही लागला तर नाव काढायचं नाही. आणि लागला का नाही, हे माय सांगेल. "माझा कान तूच आहेस, माय. तू म्हनशील ते."

मायची काय दशा झाली असेल, सांगा. आदल्या दिवशी ती मला घेऊन नागऱ्याला महादेवाच्या देवळात गेली. पिंडीपुढं हात जोडून उभी राहिली, आणि उभीच राहिली. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलंस. ती पायरीवर बसली. "मी काय मागू, प्रेमिला? लागू दे म्हनू, तं तो जाते आन् मरते. नोको लागू देऊ म्हनू, तं त्याले मीच मारून राहिली. देवाले काय सांगू, तूच सांग." मी तिला हात देऊन उठवलं. आम्ही तशाच घरी आलो.

सकाळी दादानं अंघोळ केली, तंबोरा जुळवला, म्हणजे खालच्या तारा त्यानं आणि वरच्या मायनं. बाबा बैल घेऊन निघून गेले होते, त्यांना ते बघवणार नव्हतं. माय समोर बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात. पहिला पूर्ण सूर निघाला आणि मी दाराची चौकट धरली, कारण तो आवाज आम्ही कोणी कधी ऐकलाच नव्हता. वर्षभर ऐकलं होतं ते नुसतं पुटपुटणं. ओसरी भरून गेली. गल्लीत माणसं थांबली, अनुसयाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. कोणी पळालं नाही. तो सावकाश चढत गेला, एक एक सूर करून, थांबून, परत येऊन, पुन्हा चढून. मायचे ओठ घट्ट मिटलेले. मग तो वरच्या 'सा'पाशी आला आणि त्यानं तो लावला, डोळे मिटून, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत.

गल्लीतली माणसं वाहवा करायला लागली. दादानं तंबोरा छातीशी धरला, धाप लागली होती, आणि मायकडं पाहिलं. "माय?"

माय तंबोऱ्याच्या तारांकडं बघत होती.

"माय, लागला का?"

"नाही लागला, बेटा," माय म्हणाली. "खाली राहिला. केसभर."

मी दारातूनच ओरडले, "लागला! दादा, लागला! मी ऐकलं ना, नीट ऐकलं!" का ओरडले? त्यानं जावं म्हणून. मला कधी कुठं जायला मिळालं नाही, निदान ज्याला जायचं आहे त्यानं तरी जावं, असं मला वाटलं. मायचं म्हणणं खोडून काढायचं होतं, तेही खरं. दादानं माझ्याकडं मान वळवली आणि अगदी मायेनं, थकून, म्हणाला, "तुले काय समजते, प्रेमिला." मग त्यानं तंबोऱ्याच्या खुंट्या एक एक करून सैल केल्या. चारी तारा लोंबल्या. नागपूरला कार्ड पाठवलं की येत नाही. मायवर तो रागावला नाही. उलट म्हणाला, "तुझा कान तयार झाला, माय. मास्तरांनीही हेच सांगितलं असतं." पण पुन्हा त्यानं तोंडातून सूर काढला नाही, आणि मायनं किती विनवलं तरी हळूसुद्धा गायला नाही.

पुढच्या चैत्रात, भरदुपारी, काही निमित्त नसताना त्याला रक्ताची उलटी झाली आणि घंट्याभरात तो गेला. न गाता गेला. म्हणजे घरी राहूनही वाचला नाही.

तिथून मायचं डोकं त्या एका सुरात अडकलं. लागला होता का नव्हता? रोवण्याला ती जायची, पण पहिली ओळ टाकायला तिनं सगळ्यांना नाही म्हटलं. छप्पन्नमध्ये माझं लग्न झालं, कुडव्याच्या ईश्वरदासांशी. माहेर जवळ, त्यामुळं कानावर यायचं. माय म्हणे दर दोन-चार दिवसांनी गोंदियाच्या बाजारात पायी जाते आणि छोटेलालच्या कापडदुकानापुढं उभी राहते. छोटेलालकडं रेडिओ होता. एकदा मी स्वतः पाहिलं. सकाळचं मोठं गाणं लागलं होतं, दुकानात त्याला कंटाळलेली माणसं, आणि बाहेर उन्हात माझी माय, पायात वहाण नाही, मान एका बाजूला. छोटेलाल म्हणाला, "माई, ये रोना-धोना क्या सुनती हो? सिलोन लगा दूँ? अच्छे गाने आते हैं." माय म्हणाली, "राहू द्या भाऊ, आता वर जाऊन राहिला तो, थोडं थांबा." गवई वरच्या 'सा'वर गेला. माय पुटपुटली, "लागला." तिच्या चेहऱ्यावर जराही आनंद नव्हता. ती आपला कान तपासत होती. रेडिओवर लागतो तो कसा लागतो, आणि तिच्या लेकाचा कसा लागला होता, ते दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघत होती. एकदा तर म्हणे तिनं भर दुकानात मोठ्यानं सांगितलं, "याचा कमी पडला," आणि सगळे खो खो हसले. मला नंतर कोणी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हसा.

मी भेटायला गेले की ती हळूच विचारायची, "प्रेमिला, त्या दिवशी तू म्हटलं होतंस लागला. तुले खरंच लागलेला ऐकू आला?" मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचे. आधी लाज म्हणून. नव्हता लागला असं म्हटलं असतं, तर मी त्या सकाळी दादाच्या तोंडावर खोटं बोलले होते हे उघड झालं असतं. नंतर लाज गेली आणि तो जुना रुसवा वर आला. पाच वर्षं तिला झुलवलं मी. हो, मीच.

गेल्या मार्गशीर्षात मायनं अंथरूण धरलं. ओसरीतच, दादाच्या कोपऱ्यात. दुपारी मी तिला पेज पाजत होते. तिनं माझा हात धरला.

"आता एकदाच विचारतो. मंग नाही विचारनार. मी म्हटलं नाही लागला. ते माझ्या कानानं म्हटलं का माझ्या पोटानं? मले तो घरी पाहिजे होता, प्रेमिला. जाऊ द्यायचा नव्हता. म्हनून तं मले कमी ऐकू आला नसन? तू होतीस तिथं. सांग ना."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. आणि तोंडातून काय निघालं? "मले काय समजते, माय? मले कोनं शिकवलं?"

ती म्हणाली, "होव. तुले कोनीच नाही शिकवलं. चुकलंच आमचं." आणि माझा हात सोडून भिंतीकडं वळली. तिसऱ्या दिवशी गेली.

नव्हता लागला, माय. केसभर खाली राहिला होता, तू म्हणालीस तेवढाच. मी चुलीपाशी ऐकलं होतं. तुझ्या पोटानं नाही, तुझ्या कानानंच सांगितलं होतं. तिला एवढंच पाहिजे होतं, साऱ्या जगात ते फक्त माझ्याजवळ होतं, आणि मी ते तिला दिलं नाही.